तीन महिन्यांची साखर

मधुमेहाची तपासणी तोंडावर आली की अनेक घरांत चार दिवस साखरेचा डबा बंद होतो. उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा त्याने थोडा खाली येईलही. एचबीए१सी मात्र जवळपास हलत नाही.

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन) असते. रक्तातली साखर त्याला हळूहळू चिकटते आणि ती पेशी जगेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, बहुतेक तशीच राहते. कैरीची फोड लोणच्यात मुरते, तसेच हे. एकदा मुरलेली फोड वरचा खार काढला म्हणून कोरी होत नाही. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण म्हणजे एचबीए१सी; ते साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. म्हणूनच या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही.

दुसरा घोटाळा आकड्याचा. इथला ७ म्हणजे ७ टक्के, थेट साखरेचा आकडा नव्हे. त्याचा अर्थ सरासरी साखर सुमारे १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. निदानासाठी ६.५ किंवा त्याहून जास्त हा मधुमेह मानतात, ५.७ ते ६.४ ही त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी: रक्ताचा आजार असेल तर. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढू शकतो. सिकलसेलमध्ये (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो फसवा कमी दिसू शकतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा आजार आढळतो. अशा रुग्णांच्या बाबतीत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहणेच अधिक भरवशाचे असते.