गदा कुणाची, कशी मिळते: 'महाराष्ट्र केसरी'बद्दलचे गैरसमज

यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या दिवसांत किंवा गावच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल भरली, की मैदानाच्या कडेला दोन पिढ्या शेजारी बसलेल्या दिसतात. जुनी पिढी चितपट, धोबीपछाड, कलाजंग असं बोलते. नवी पिढी टीव्हीवरची कुस्ती बघत मोठी झाली आहे. तिच्या डोक्यात सोनेरी पट्टे, दोघादोघांच्या जोड्या आणि 'चॅम्पियन' आहेत. 'महाराष्ट्र केसरी' हे नाव दोन्ही पिढ्यांच्या तोंडी असतं, आणि त्याबद्दलच्या चुकीच्या समजुतीही दोन्हीकडे असतात. मला या चुका किरकोळ वाटत नाहीत. पोराला तालमीत घालायचं की नाही, खुराकावर किती खर्च करायचा, त्याने वजन वाढवायचं की राखायचं, हे घरोघरी अशाच समजुतींवर ठरतं.

गैरसमज: टीव्हीवरचा पट्टा आणि आपली गदा, दोन्ही सारखेच किताब

टीव्हीवरच्या जोडीच्या लढतीत एका बाजूला दोघे असतात. एक रिंगणात लढतो, दुसरा कोपऱ्यात दोर धरून उभा राहतो आणि हाताला हात लागला की आत येतो. या जोड्यांच्या विभागीय पट्ट्यांचा इतिहास अमेरिकेतला आहे. १९४८ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू इथे कुस्तीचे खेळ भरवणारे ठेकेदार एकत्र आले आणि त्यांनी 'नॅशनल रेसलिंग अलायन्स' ही संघटना काढली. देशाचे भाग पाडून प्रत्येकाने आपापला मुलूख ठरवून घेतला. मग प्रत्येक मुलखाचे स्वतःचे पट्टे आले, जोडीचेही आले. कोणत्या गावी कोण जिंकणार, पट्टा किती महिने कुणाकडे राहणार, हे ठेकेदार ठरवत. गर्दी कुणाला बघायला येते, यावर तो निर्णय व्हायचा. १९७९ मध्ये तर पॅट पॅटरसन या मल्लाने रिओ दी जानेरोत स्पर्धा जिंकून 'इंटरकॉन्टिनेन्टल' पट्टा मिळवला, असं जाहीर झालं. रिओत अशी स्पर्धा झालीच नव्हती. पुढे १९८९ मध्ये हा पट्टा देणाऱ्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर आपला खेळ करमणुकीचा असल्याचं सांगितलं. खेळांवरचे नियम आणि कर टळावेत, हा त्यामागचा हेतू होता.

त्या मल्लांची मेहनत खोटी नसते. उंचावरून पाठीवर पडणं शिकायला वर्षं लागतात आणि हाडं खरोखर मोडतात. पण त्यांचा पट्टा कथेतला मान आहे. आपल्याकडची 'महाराष्ट्र केसरी'ची गदा स्पर्धेतून मिळते, आणि कुस्तीत जोडीची लढत हा प्रकारच नाही. पैलवान आखाड्यात एकटा उतरतो. वस्ताद, गुरुबंधू, गाववाले सगळे कडेला असतात, त्यांना आत हात लावता येत नाही.

गैरसमज: एका तालमीचे दोघे अंतिम लढतीत आले, म्हणजे नुरा (आधी ठरवलेली) कुस्ती

दंगलीच्या मैदानावर हा संशय लगेच निघतो. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही वस्ताद काका पवारांच्या तालमीतले. सदगीरने ती ३-२ अशी जिंकली, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत ती कुठेही झुकू शकली असती. निकालानंतर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातच शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड ही जोड लागली. तेही एकाच तालमीतले. राक्षेने गायकवाडला एका मिनिटाच्या आत चितपट केलं. रोज एकमेकांशी जोर करणाऱ्यांना समोरच्याचा प्रत्येक डाव ठाऊक असतो. त्यामुळे कधी कुस्ती अडून राहते, तर कधी एका चुकीत संपते. एवढं साधं कारण असताना संशय घेणं मल्लांवर अन्याय करणारं आहे.

पंचांच्या निर्णयांवर मात्र खरे वाद झाले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी (मॅट) विभागाच्या अंतिम लढतीत राक्षेला पंचांनी चितपट ठरवलं आणि तिथून भडका उडाला. राक्षेने पंचाला लाथ मारली. पुढे या स्पर्धेतल्या वर्तनाबद्दल राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली. पंचाला मारणं कुठल्याही परिस्थितीत चूकच. पण निकाल आधी ठरलेला असता, तर एवढा संताप कशाला झाला असता?

गैरसमज: हा किताब राजेशाहीच्या काळापासून चालत आला आहे

कुस्तीला राजाश्रय होता, हे खरं. शाहू महाराजांनी कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू केलं. 'महाराष्ट्र केसरी' मात्र स्वातंत्र्यानंतरचा. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाणारी चांदीची गदा पुढे या किताबाची ओळख बनली.

गैरसमज: गदा एकदा मिळाली की कुणी हरवेपर्यंत ती त्याच्याकडेच

हा टीव्हीच्या पट्ट्याचा नियम. महाराष्ट्र केसरी दर स्पर्धेत नव्याने ठरतो. गेल्या वर्षीच्या विजेत्यालाही पुन्हा पहिल्या फेरीपासून लढावं लागतं. म्हणूनच नरसिंग यादवने २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षं आणि त्याच्यामागून जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरीने २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षं गदा जिंकली, ही फार मोठी गोष्ट आहे. काही वर्षी अंतिम लढत अनिर्णित राहिली आणि किताब कुणालाच मिळाला नाही. कंपनीचा पट्टा असा रिकामा ठेवणं ठेकेदाराला परवडलं नसतं.

वर्षांचा एक गोंधळही इथेच सांगतो. सदगीर २०१९ चा महाराष्ट्र केसरी म्हणून ओळखला जातो, पण त्याची लढत जानेवारी २०२० मध्ये झाली. नंतर कोरोनामुळे खंड पडला आणि पुढची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. दोन याद्यांत साल वेगळं दिसलं, की एक यादी खोटीच असेल असं नाही.

गैरसमज: हा कोल्हापूर-पुण्याचा मामला, विदर्भाचा त्याच्याशी काय संबंध

हा समज आपल्याच भागात सर्वांत घट्ट आहे आणि त्याने आपलं नुकसान केलं आहे. स्पर्धा फिरती आहे. अमरावती, अकोला, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया अशा विदर्भातल्या अनेक शहरांत ती झाली आहे. २००३ मध्ये ती यवतमाळलाही झाली आणि दत्तात्रय गायकवाड महाराष्ट्र केसरी झाले. नरसिंगने दुसरी गदा गोंदियात जिंकली, विजय चौधरीने दुसरी नागपुरात.

गदा कोल्हापूरचीच, हेही आकड्यांत बसत नाही. २००० मध्ये विनोद चौगुले जिंकले. त्यानंतर कोल्हापूरच्या मल्लाला गदा मिळाली ती २०२२ मध्ये साताऱ्याला, पृथ्वीराज पाटीलच्या रूपाने. मधल्या दोन दशकांत ती खानदेशात गेली, मुंबईत गेली, अकोले तालुक्यातून नाशिककडून खेळणाऱ्या सदगीरकडे गेली. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घराण्याने तर तीन महाराष्ट्र केसरी दिले: १९८० मध्ये इस्माईल, १९९२ मध्ये अप्पालाल, २००२ मध्ये मुन्नालाल.

मल्ल कोणत्या जिल्ह्याकडून खेळतो आणि कुठला असतो, यातही फरक आहे. बाला रफिक शेखने २०१८ मध्ये जालन्याला अभिजित कटकेला हरवलं, तेव्हा तो बुलढाणा जिल्ह्याकडून खेळत होता. त्याचं गाव करमाळा तालुक्यातलं. राजगुरुनगरचा शिवराज राक्षे जानेवारी २०२३ मध्ये आपल्या यवतमाळच्या शेजारच्या नांदेडकडून उतरला होता. स्वतःच्या जिल्ह्यात एका वजनात दोन तगडे मल्ल असले, तर निवड चाचणीत एकच पुढे जातो. दुसऱ्याला जागा शोधावी लागते. बाहेरचा मल्ल आला म्हणून नाराज होणाऱ्यांना माझं म्हणणं असं, की आधी ती जागा रिकामी का होती ते बघा.

परंपरा नाही, असं तरी कसं म्हणायचं? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी ते उभं केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. यवतमाळ शहरात आजही एका चौकाला हनुमान आखाडा म्हणतात. दंगल भरवायला आपल्याकडे वर्गणी जमते. वर्षभर रोज सकाळी पोरांना जोर करायला जागा आणि शिकवणारा वस्ताद मिळणं, हे मात्र अवघड झालं आहे. दंगलीच्या इनामातला काही भाग तालमीकडे वळवला, तर बराच फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: एका वर्षात दोन महाराष्ट्र केसरी, म्हणजे एक नकली

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली आणि तिथे राक्षे जिंकला. २०२५ मध्येही अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके असे दोन विजेते झाले.

याचं मूळ संघटनेत आहे. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य परिषदेची जुनी कार्यकारिणी बरखास्त केली. नव्या कार्यकारिणीचं अध्यक्षपद वर्ध्याचे तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्याकडे आलं. तडस स्वतः पैलवान, विदर्भ केसरी. जुन्या मंडळींना हा निर्णय मान्य नव्हता, प्रकरण न्यायालयात गेलं आणि दोन बाजू झाल्या. दोघांनीही स्पर्धा भरवल्या.

म्हणून विजेत्याला नकली म्हणू नये. सिकंदरने ज्याला चितपट केलं तो खरा मल्ल होता आणि राक्षेने धाराशिवला ज्यांना हरवलं तेही खरेच होते. दोष असलाच तर तो खुर्चीवर बसणाऱ्यांच्या भांडणाचा. या भांडणाची किंमत मोजतो तो गावाकडचा पोरगा. कोणत्या चाचणीला जायचं, कोणतं प्रमाणपत्र नोकरीसाठी चालेल, हे त्याला कुणी नीट सांगत नाही. स्पर्धेला नाव देण्यापूर्वी ती कोणत्या संघटनेची आहे आणि त्या संघटनेला राष्ट्रीय महासंघाची मान्यता आहे का, एवढं लेखी विचारून घ्यावं.

गैरसमज: मुलींसाठी असा किताबच नाही

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये भाग्यश्री फंडने हा मान मिळवला तो देवळीत. यवतमाळहून वर्ध्याला जाताना कळंबच्या पुढे लागतं तेच देवळी.

गैरसमज: महाराष्ट्र केसरी म्हणजे राज्यातला सर्वांत चांगला पैलवान

पालकांनी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा असतो. त्यात माती आणि गादी असे दोन विभाग होतात आणि दोन्हींचे विजेते गदेसाठी गादीवर भिडतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात. फक्त दंगलीतल्या निकाली कुस्तीची सवय असलेला पोरगा तिथे गोंधळतो, म्हणून दोन्हींचा सराव लागतो.

राज्य अजिंक्यपद स्पर्धेत या गटाशिवाय ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ किलो असे गट असतात. तिथेही सुवर्णपदकं असतात. गदेच्या गर्दीत त्यांची बातमी दोन ओळींची होते, एवढंच.

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. ते बँटमवेट गटात, म्हणजे सत्तावन्न किलोंच्या आसपास लढले. तेव्हा हा किताब नव्हता, पण असता तरी आजच्या वजनाच्या अटीत ते बसले नसते. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवलं. तो महाराष्ट्र केसरी नाही आणि त्या वजनात होऊही शकत नव्हता. त्याला घडवणाऱ्यांत हरिश्चंद्र बिराजदार होते, १९६९ चे महाराष्ट्र केसरी. स्वतः भारी गटात गदा जिंकलेल्या वस्तादाने हलक्या वजनाच्या पोराला त्याच्याच वजनात वाढवलं.

आपल्याकडे उलटं होतं. साठ किलोच्या चपळ पोराला 'केसरी व्हायचंय ना' म्हणून तूप, बदाम आणि नंतर कुणी सांगितलेल्या डब्यातल्या पावडरी चारल्या जातात. वजन वाढतं, पण चपळाई जाते. भारी गटात तो कमी पडतो आणि ज्या हलक्या गटात राज्याचं पदक मिळालं असतं तो गट सुटलेला असतो. पुसद, दिग्रस, वणी, घाटंजीकडून जिल्हा निवड चाचणीला येणाऱ्या पोरांच्या वडिलांनी पहिला प्रश्न गदेचा विचारू नये. पोराच्या उंचीला आणि बांध्याला कोणतं वजन शोभतं आणि त्या वजनात गेल्या वर्षी जिल्ह्यातून कोण गेलं होतं, हे वस्तादाला विचारावं.