विश्लेषण : इतरांना सावरणारेच का थकतात? ‘कम्पॅशन फटिग’ म्हणजे काय?

रुग्णाच्या वेदनेने कळवळणारी परिचारिका काही वर्षांनी यांत्रिकपणे सलाइन लावून पुढच्या खाटेकडे वळते. ‘हिला माया नाही,’ असे नातेवाईक म्हणतात. प्रत्यक्षात सतत माया लावण्याच्या ताणातूनच हा कोरडेपणा आलेला असू शकतो. परिचारिका, डॉक्टर, समुपदेशक, आशा सेविका, रुग्णवाहिकेतील कर्मचारी यांच्यात दिसणाऱ्या या थकव्याला ‘कम्पॅशन फटिग’ म्हणतात. तो का येतो आणि त्यावर उपाय काय?

ही संज्ञा आली कुठून?

अमेरिकेत १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी परिचारिकांविषयीच्या लेखात ही संज्ञा वापरली. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे ती रूढ झाली. आघात झालेल्या माणसाला आधार देताना त्या आघाताचा चटका आधार देणाऱ्यालाही बसतो, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र.

‘बर्नआउट’पेक्षा हे वेगळे कसे?

बर्नआउट कोणत्याही नोकरीत येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या करताना तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती असल्याचे स्पष्ट केले. कम्पॅशन फटिगचे मूळ मात्र दुसऱ्याचे दुःख सतत जवळून पाहण्यात असते. अनेकदा दोन्ही एकाच वेळी गाठतात.

लक्षणे कोणती?

झोप न लागणे, चिडचिड, रुग्णांचे प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे, कामावर जाण्याची धास्ती, घरच्यांशी तुटकपणा आणि ‘आपण काहीही केले तरी काय उपयोग,’ ही भावना. ‘प्रोक्वॉल’ या ३० प्रश्नांच्या प्रश्नावलीतून स्वतःचा अंदाज घेता येतो. हे निदान नव्हे; मात्र थकव्यासोबत कामातून मिळणारे समाधानही त्यात मोजले जाते.

करुणाच थकवते का?

ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांनी सहभागींना इतरांच्या दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या. दुसऱ्याची वेदना स्वतः अनुभवण्याचा सराव केल्यावर त्यांच्या नकारात्मक भावना वाढल्या. त्यानंतर ‘याचे भले व्हावे’ अशा करुणेचा सराव दिल्यावर त्या पुन्हा खाली आल्या. म्हणजे करुणेपेक्षा दुसऱ्याच्या वेदनेत बुडून जाणे अधिक थकवते.

स्वतःची काळजी म्हणजे फक्त योग-प्राणायाम?

झोप, व्यायाम, कठीण प्रसंगानंतर सहकाऱ्याशी बोलणे, ड्युटीनंतर कामाचा विषय बंद ठेवणे यांचा उपयोग होतो. पण त्यांना मर्यादा आहेत. साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा सेविका असते. सरकारी नोंदीत ती स्वयंसेविका, मोबदला बराचसा कामागणिक आणि कामाचे तास ठरलेले नाहीत. रात्री कळा सुरू झाल्या की फोन तिलाच जातो. तिला ‘ड्युटीनंतर मोबाइल बंद ठेवा’ हा सल्ला कसा लागू पडणार? पुरेसे मनुष्यबळ, हक्काची सुट्टी, आलटून-पालटून अवघड विभाग आणि मन मोकळे करण्याची ठरलेली जागा ही जबाबदारी संस्थेचीच.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण बोलके आहे. १९७३ मधील हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग यांची १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात या सेवेचे कौतुक केले. सुमारे ४२ वर्षांची ही सेवा एका व्यक्तीने केली नाही. पाळ्या बदलल्या, पिढ्या बदलल्या, भार वाटला गेला.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा मोफत असून २४ तास उपलब्ध असते आणि मराठीतूनही बोलता येते. ती रुग्णांइतकीच त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे.