सर्व्हरचे दप्तर आणि त्याची मुदत

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरच्या ‘/व्हार/लॉग’ या निर्देशिकेत, त्या यंत्रावर कोण कोठून आत आला, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणती सेवा अकस्मात् बंद पडली, याची रोजनिशी अहोरात्र लिहिली जात असते. वेबसर्व्हरच्या नोंदीतील एकच ओळ घेतली तरी तीत मागणी करणाऱ्याचा आयपी पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ, मागितलेले पान, २०० किंवा ४०४ असा निकालाचा आकडा आणि पाठविलेल्या बाइटांची संख्या इतका तपशील क्रमाने मांडलेला आढळतो. अशी ओळ शंभर-दोनशे बाइटांची, म्हणजे अगदीच क्षुल्लक. परंतु दिवसाकाठी १० लाख मागण्या येत असतील, तर तेवढ्याच ओळींनी १०० ते २०० मेगाबाइट जागा रोज व्यापली जाते, आणि एके दिवशी डिस्क तुडुंब भरून डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नाही, टपाल स्वीकारले जात नाही, आणि ज्या नोंदींवरून या अनर्थाचे कारण कळायचे त्या नोंदीही तेथेच खुंटतात.

अशा प्रसंगी घाबऱ्या मनाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे सर्वांत मोठी फाइल हुडकून ती पुसून टाकणे. फाइल दिसेनाशी होते खरी. पण ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन पाहावे, तर शिल्लक जागेचा आकडा तसूभरही हललेला नसतो! याचे मूळ युनिक्सच्या रचनेतच आहे. निर्देशिकेत असते ते केवळ फाइलीचे नाव. तिचा खरा आधार आयनोड नावाच्या निराळ्या नोंदीत असतो, आणि जोवर एखादा प्रोग्राम ती फाइल उघडी धरून आहे, तोवर नाव खारीज झाले तरी कर्नल तिची जागा मोकळी करीत नाही, इतकेच नव्हे, तर तो प्रोग्राम त्या निनावी फाइलीत पूर्ववत् लिहीतच राहतो. उघड्या फाइली दाखविणाऱ्या ‘एलएसओएफ’ या आज्ञेची यादी पाहिली, की अशा फाइलीपुढे ‘डिलीटेड’ हा शेरा स्पष्ट दिसतो. ती सेवा बंद करून पुन्हा सुरू केली, म्हणजे मग जागा परत मिळते.

रेड हॅट कंपनीत एरिक ट्रोन आणि प्रेस्टन ब्राउन यांनी लिहिलेला ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्राम याच गुणधर्माचा विधायक उपयोग करून घेतो. ठरल्या वेळी कामे सुरू करणारा क्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर यांच्याकडून तो बहुधा रोज एकदा चालविला जातो. मुदत भरलेल्या फाइलीचे नाव बदलून तिला ‘.१’ हा क्रमांक द्यायचा, मूळ नावाची कोरी फाइल तिच्या जागी ठेवायची, आणि नंतर लिहिणाऱ्या सेवेला संदेश देऊन नवी फाइल उघडावयास लावायची, असा त्याचा क्रम आहे. एन्जिनएक्स या वेबसर्व्हरला हा संदेश ‘यूएसआर१’ या सिग्नलने पोहोचतो. तो पोहोचेपर्यंतच्या ओळी जुन्या फाइलीतच पडत असल्यामुळे त्यांतली एकही हरवत नाही, आणि ती फाइल लगेच न दाबता पुढच्या फेरीपर्यंत तशीच ठेवण्यासाठी ‘डिलेकॉम्प्रेस’ हे कलम आहे. सेवेला असा संदेश कळतच नसेल, तर ‘कॉपीट्रंकेट’ने नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करता येते; मात्र नक्कल आणि रिकामे करणे यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी कायमच्या गमावल्या जातात, म्हणून निरुपायाखेरीज त्या मार्गाने जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अधिक उपेक्षिला जातो. सरकारी अभिलेखागारात कागद दाखल होताना त्याचा अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो, आणि कायम जतन करावयाचा कागद अल्पमुदतीच्या कागदांपासून वेगळा राहतो. तसा विवेक येथेही हवा, कारण प्रवेशाच्या नोंदी आणि प्रोग्रामरच्या तपासणीपुरत्या नोंदी यांचे मोल सारखे नाही. डेबियनसारख्या वितरणात मूळची तजवीज ‘वीकली’ आणि ‘रोटेट ४’ अशी, म्हणजे सुमारे महिन्याभराची असते. उलट, ‘सर्ट-इन’ या भारत सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरविणाऱ्या संस्था, डेटा सेंटरे, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणकव्यवस्थेच्या नोंदी मागील १८० दिवसांपर्यंत सुरक्षित जपणे बंधनकारक आहे. त्यासाठी ४ च्या जागी २६ लिहिले, तर १८२ दिवसांची बेगमी होते. ‘कॉम्प्रेस’ हे कलम जोडावे, कारण एकसारख्या ओळींचा मजकूर दाबला असता फार थोड्या जागेत मावतो. फेरफार अमलात आणण्यापूर्वी लॉगरोटेट ‘-डी’ या खुणेसह चालवावा. एकाही फाइलीला हात न लावता तो आपण कोणकोणत्या फायलींचे काय करणार आहोत हे ओळीओळीने सांगतो.