पानफुटी किती वाढते?

पानफुटीचे पान वहीत दडवून ठेवले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. पानाच्या खाचांतून इवलीशी रोपे बाहेर आली की शाकीय पुनरुत्पादनाचा पाठ संपतो आणि पान केराच्या टोपलीत जाते. पुढे त्या रोपाचे काय होते, ते किती उंच होते, किती दिवसांत होते, हे विचारायचे राहून जाते.

एका वर्षी मी ते विचारायचे ठरवले. नागपुरात जुलैच्या पहिल्या पावसानंतर आठवीच्या मुलांना एकेक पान दिले आणि डिसेंबरात रोपाची उंची मोजून आणायला सांगितले. संदर्भपुस्तकात उंची सुमारे १ मीटर दिलेली होती. एका मुलाने १९ सेंमी लिहून आणले, एका मुलीने ४३ सेंमी. मुलाच्या वहीवर मी ‘काळजी घेतली नाही’ असा शेरा मारला. चार दिवसांनी दोघांनी कुंड्याच वर्गात आणल्या आणि तो शेरा मला खोडावा लागला.

मुलाचे रोप गच्चीवर उन्हात, तुपाच्या जुन्या डब्यात वाढले होते. ते बुटके होते, पण त्याचे खोड बोटाएवढे जाड होते आणि जाडजूड पानांच्या जोड्या एकीवर एक दाटून आल्या होत्या. मुलीचे रोप जिन्याखालच्या अंधुक उजेडातले. त्याची पेरे लांब, पाने पातळ आणि मोजकीच. काठीचा आधार काढला तर ते वाकत होते. उजेड कमी पडला की खोडाची कांडी लांबतात, हे आपण वर्गात शिकवतो. पण पट्टी हातात घेतली की विसरतो. दोघांपैकी जास्त वाढले कोण?

उत्तर द्यायचे तर ‘वाढ’ म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते, आणि इथे पानफुटी आपली चांगलीच फिरकी घेते. तिचे एक पान दोऱ्याने भिंतीवर टांगून ठेवा. माती नाही, पाणी नाही, तरी आठ-पंधरा दिवसांत खाचांतून मुळे आणि पाने फुटतात. पान झाडाला जोडलेले असेपर्यंत हे कोंब बहुधा झोपलेले असतात. तुटताच जागे होतात. आता ते पान रोज तराजूवर ठेवले, तर रोपे मोठी होताना दिसतात आणि एकूण वजन मात्र घटत जाते. जुन्या पानातले पाणी आणि अन्नच नव्या रोपांत जाते आणि काही पाणी हवेत उडते. पेशी वाढल्या, अवयव वाढले, पण वजन वाढले नाही. पानफुटीच्या ताज्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते; म्हणून खरी कमाई मोजायची तर रोप वाळवून त्याचे वजन करावे लागते. मुलांच्या लाडक्या रोपांवर हा प्रयोग करू नये, हे सांगायला नको!

ही कमाई ठरते कशावर? इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी पान आंबट लागे, दुपारपर्यंत बेचव होई, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. कारण उमगायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला. बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. पानफुटी मात्र पाणी वाचवण्यासाठी ती मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतील रिक्तिकांमध्ये साठवते. दिवसा रंध्रे मिटून, त्या आम्लातून सुटणारा वायू प्रकाशसंश्लेषणासाठी वापरते. म्हणजे रात्री जेवढा साठा, तेवढीच दिवसाची शिदोरी. कोठार भरले की संपले! कोरड्या दिवसांत तिची वाढ संथ असते ती यामुळे. पाणी मुबलक असेल तर ती दुपार उतरल्यावरही रंध्रे उघडते, आणि मग वेग वाढतो.

नागपूरचे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, भरपूर ओल. याच काळात नव्या पानांच्या जोड्या भराभर येतात. हिवाळ्यात रात्री थंड आणि दिवस उबदार, म्हणजे आम्ल साठवायला उत्तम. मे महिन्यात मात्र पारा ४५ अंशांकडे झुकतो, रात्रीही तापलेल्या असतात आणि वाढ जवळजवळ थांबते. कूलरच्या ओघळाखाली ठेवलेली कुंडी तेवढी टवटवीत दिसते.

मग पुस्तकातला १ मीटर खोटा का? खोटा नाही, पण तो कशाचा आकडा आहे हे समजून घ्यावे. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत प्रत्येक झाडाखाली पूर्ण वाढीचा आकार छापलेला असतो. उत्तर अमेरिकेतील कोरल बेल्स हे पानफुटीच्या दूरच्या नात्यातले झाड घ्या. त्याची पाने जमिनीलगतच्या आखूड खोडातून येतात, खोड फारसे लांबत नाही. पानांचा झुबका २०-३० सेंमीचा होतो आणि बारीक फुलदांडा त्याच्या वर जातो. दोन-तीन वर्षांत झुबका भरला की आकडा बराचसा स्थिर राहतो. पानफुटीचे तसे नाही. तिचे खोड लांबत जाते, त्यामुळे ३० सेंमीपासून दीड मीटरपर्यंत कुठलीही उंची तिला शोभते. तिची उंची थांबते ती फुलोऱ्याने. पावसाळा सरून दिवस लहान झाले की शेंड्यावरच फुलोरा येतो आणि तांबूस-हिरवी, फुगीर घंटांसारखी फुले खाली लोंबू लागतात. शेंडाच फुलांत खर्ची पडल्यावर ते खोड आणखी उंच होणार नाही. पुढची वाढ बाजूच्या आणि बुंध्याजवळच्या फुटव्यांची.

वर्गात करायचे असेल तर असे करावे. खोडावर शाईने दर सेंटिमीटरला खूण करून दर आठवड्याला खुणांमधले अंतर मोजावे. खालच्या खुणा हलत नाहीत, शेंड्याजवळच्याच दूर सरकतात, हे पाहून मुले थक्क होतात. उंचीबरोबर पानांच्या जोड्याही मोजाव्यात, आणि सर्वांत मोठ्या पानाचा आकार आलेख-कागदावर उतरवून चौकोन मोजावेत. आंबटपणासाठी पाने चाखू देऊ नयेत. त्यांत विषारी द्रव्ये असतात आणि गुरांना ती बाधतात. त्याऐवजी पहाटे आणि सायंकाळी सारख्या वजनाची पाने तोडून वाटावीत, रस पाण्यात पातळ करून गाळावा, चिमूटभर हळद घालावी आणि लाल रंग येईपर्यंत चुन्याच्या निवळीचे थेंब मोजावेत. नुसत्या लिटमसने भागत नाही, कारण सायंकाळचा रसही थोडा आम्लधर्मी असतोच. थेंबांच्या संख्येत मात्र फरक स्पष्ट दिसतो.

त्या दोन कुंड्या मी वर्गाच्या खिडकीत शेजारी-शेजारी ठेवल्या. जानेवारीत बुटक्या रोपाला फुलोरा आला. उंच रोपाला त्या वर्षी आला नाही.