सरकलेली चकती आणि अल्पछेद शस्त्रक्रिया

कण्याच्या कटिभागातील प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिचा गाभा मऊ, तर बाहेरचे कडे तंतुमय असते. हे कडे फाटून गाभ्याचा अंश बाहेर येतो, शेजारच्या मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो व तेथे दाह निर्माण होतो. बोलीभाषेत 'गादी सरकली' म्हणतात तो हाच विकार होय. कंबरदुखीपेक्षा नितंबापासून पायात उतरणारी कळ, म्हणजेच सायटिका, हे त्याचे अधिक सूचक लक्षण होय.

मिक्स्टर व बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये चकती व सायटिका यांचा संबंध स्पष्टपणे मांडला आणि त्यानंतर ही शस्त्रक्रिया रूढ झाली. आरंभी त्यासाठी मोठा छेद घेऊन मणक्याच्या कमानीचा बराच भाग काढावा लागे. १९७७ मध्ये यशारगिल व कास्पर यांनी सूक्ष्मदर्शकाचा वापर मांडल्यानंतर छेद लहान झाला. १९९७ मध्ये फोली व स्मिथ यांनी नलिकेची पद्धत पुढे आणली. तीत स्नायू कापण्याऐवजी क्रमाने रुंद होत जाणाऱ्या नळ्यांनी विलग केले जातात. एंडोस्कोपच्या साहाय्याने कुशीच्या बाजूने, मज्जातंतू बाहेर पडण्याच्या नैसर्गिक छिद्रातूनही चकतीपर्यंत पोहोचता येते. लोकव्यवहारात या सर्वांनाच 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हटले जाते. त्यामुळे आपल्यावर नेमके काय होणार आहे, हे पुष्कळदा रुग्णास ठाऊकच नसते.

छेद लहान म्हणजे गुण अधिक, हे गृहीतक मात्र तपासून पाहावे लागते. नेदरलँड्समधील ३२८ रुग्णांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नलिकापद्धती सूक्ष्मदर्शकीय पद्धतीपेक्षा सरस ठरली नाही. उलट, वर्षअखेरीस चांगली सुधारणा सांगणाऱ्यांचे प्रमाण नलिकागटात ६९ टक्के, तर दुसऱ्या गटात ७९ टक्के होते. त्याच देशातील ६१३ रुग्णांच्या, २०२२ मधील चाचणीत एंडोस्कोपिक पद्धती खुल्या सूक्ष्म शस्त्रक्रियेपेक्षा उणी नसल्याचे दिसले.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न शस्त्रक्रिया करावी की नाही, हा आहे. बाहेर आलेला अंश अनेकदा शरीरात आपोआप शोषला जातो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांच्या वेदना लवकर शमल्या. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. प्रतीक्षागटातील ३९ टक्के रुग्णांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणजे वेदना किती काळ सोसता येतील, घरची व नोकरीची स्थिती कशी आहे, यांचा विचार या निर्णयात अपरिहार्य ठरतो.

पायातील शक्ती झपाट्याने कमी होत असल्यास ही मोकळीक उरत नाही. लघवी अडकणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे किंवा गुदद्वाराभोवती बधिरता येणे ही पुच्छमज्जातंतूंवरील दाबाची लक्षणे होत. अशा वेळी तातडीने एमआरआय करून दाब दूर करावा लागतो. विलंब झाल्यास मूत्राशयाचे कार्य कायमचे बिघडू शकते.