'बाद' आणि 'जिवंत' : मुले व कुटुंबे यांच्या शारीरिक सक्रियतेच्या दृष्टीने खेळांच्या नियमांचा विचार

प्रस्तावना

मुलांनी व त्यांच्याबरोबर घरातील मोठ्यांनीही नियमितपणे हालचाल करावी, याविषयी आज दुमत उरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार स्वरूपाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या जोमदार क्रियांचा त्यात समावेश असावा. प्रौढांसाठी हे प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल असे आहे. प्रत्यक्ष स्थिती मात्र निराळी आहे. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवर आधारलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले या निकषाला उतरत नसल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, तर मुलग्यांमध्ये ७८ टक्के होते. प्रौढांच्या संदर्भात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ अपुरे सक्रिय आहेत. त्यात स्त्रिया सुमारे ५७ टक्के व पुरुष सुमारे ४२ टक्के आहेत.

यावरील उपाय म्हणून खेळाचे नाव सर्वत्र घेतले जाते. परंतु 'खेळ' हा शब्द उच्चारला की हालचाल आपोआप घडते, हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. कोणत्या खेळाने कोण किती वेळ हलतो, हे खेळाच्या नावापेक्षा त्याच्या नियमांवर अवलंबून असते. त्यातही एक नियम विशेष निर्णायक ठरतो. तो म्हणजे गडी बाद झाल्यावर त्याचे पुढे काय होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील परिचित खेळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

गुण, बक्षिसे आणि नावीन्य

खेळाच्या साहाय्याने हालचाल वाढविण्याचे आधुनिक प्रयत्न बहुतांशी यंत्राधारित आहेत. २००६ साली निन्टेन्डो कंपनीचे 'वी' हे उपकरण बाजारात आले, तेव्हा पडद्यावरील खेळ मुलांना बसवून ठेवण्याऐवजी हलवतील, अशी मोठी आशा निर्माण झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही मुलांना घरी हालचालीचे खेळ व काहींना बैठे खेळ देऊन, शरीरावर बांधलेल्या मापकाने त्यांची हालचाल मोजण्यात आली. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ साली 'पोकेमॉन गो' या खेळाने जगभर तरुणांना रस्त्यावर आणले. अमेरिकेतील १८ ते ३५ वयोगटातील खेळणाऱ्यांच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावले वाढल्याचे दिसले. सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ नाहीशी झाली होती. नावीन्य ओसरले की पाऊलही थांबते, हा यातील धडा आहे.

बक्षिसांचेही असेच आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोडी सोडविण्यासाठी पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा त्या कोड्यांतील स्वाभाविक रस पैसे बंद होताच घटलेला दिसला. पुढे डेसी व रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार स्वायत्तता, आपल्याला जमते ही भावना आणि आपलेपणा या तीन गरजा भागल्या, तरच कोणतीही क्रिया टिकते. चालण्यासाठी नुसते गुण वाटण्याची योजना यांपैकी कोणती गरज भागवते, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. फ्रॅमिंगहॅम येथील प्रदीर्घ हृदय-अभ्यासाशी संबंधित ९४ कुटुंबांतील २०० प्रौढांना त्यात सहभागी करून घेण्यात आले होते. खेळगटातील प्रत्येक कुटुंबाला आठवड्याच्या प्रारंभी ७० गुण मिळत. दररोज कुटुंबातील एका सदस्याचे नाव यदृच्छेने निवडले जाई. त्याने आदल्या दिवशी पावलांचे लक्ष्य गाठलेले असेल तर गुण टिकत, नसेल तर साऱ्या कुटुंबाचे १० गुण कमी होत. १२ आठवड्यांत या गटाची रोजची सरासरी १६६१ पावलांनी वाढली. तुलनेच्या गटाची ६३६ पावलांनी. खेळ बंद झाल्यानंतरच्या १२ आठवड्यांतही मूळ सरासरीच्या तुलनेत ही वाढ अनुक्रमे १३८५ व ७९८ पावले एवढी होती. हा प्रयोग प्रौढांपुरता मर्यादित होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि येथील गुण हे वैयक्तिक बक्षीस नव्हते. आपले नाव आज निघेल की नाही हे ठाऊक नसल्यामुळे घरातील प्रत्येक जण इतरांसाठी चालत होता आणि लक्ष्य चुकलेला सदस्य खेळाबाहेर जात नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खेळात असे.

बाद झालेल्याचे काय होते?

हा मुद्दा साध्या गणिताने स्पष्ट होईल. ३० मुलांच्या वर्गात बाद होणाऱ्याने बाहेर बसण्याचा एखादा खेळ घेतला व दर २० सेकंदांना एक मूल बाहेर गेले, असे मानू. खेळ १० मिनिटे चालेल. परंतु पहिले मूल अवघे २० सेकंद खेळेल आणि वर्गाची सरासरी ५ मिनिटांच्या किंचित वर राहील. सर्वप्रथम बाद होणारे मूल बहुधा तेच असते, ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज आहे. वेळापत्रकात मात्र सर्वांचाच खेळाचा तास भरलेला दिसतो.

याउलट 'साखळी' या खेळात पकडला गेलेला गडी राज्य असलेल्याचा हात धरून पकडणाऱ्यांत सामील होतो. तेवढ्याच १० मिनिटांत सर्व मुले पूर्णवेळ धावतात. 'विषामृता'त विष मिळालेला गडी खाली बसतो, पण सवंगड्याने अमृत देताच उठून पळू लागतो. म्हणजे बाद होणे ही तेथे क्षणभराची विश्रांती असते. मुलांच्या शरीरधर्माला हे सोयीचे आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात मुलांच्या जोमदार हालचालींपैकी ९५ टक्के हालचाली १५ सेकंदांच्या आत संपत असल्याचे आढळले होते. मुले सलग अर्धा तास धावत नाहीत. ती धावतात, थबकतात, पुन्हा धावतात. खो-खोमध्ये पाठलाग करणारा दमला की बसलेल्या सहकाऱ्याला खो देतो. श्रम वाटून घेण्याची सोय तेथे नियमातच आहे. मात्र पळणाऱ्या संघाचे तिघेच एका वेळी मैदानात असतात व उरलेले बाहेर थांबतात, ही त्याची दुसरी बाजू. वर्गात खेळताना पळणाऱ्यांच्या तुकड्या वाढविल्या किंवा दोन लहान मैदाने आखली, तर हा थांबण्याचा वेळ बराच कमी होतो.

कबड्डीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. या खेळाचे पूर्वी संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी जिवंत होई. गामिनीत बाद झालेला गडी आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. मैदान, दम व पकड बव्हंशी सारखीच असताना केवळ या एका नियमाने खेळणाऱ्याचा हालचालीचा काळ बदलतो. आजची स्पर्धात्मक कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण गडी बाहेर गेल्यावाचून चुरस निर्माण होत नाही. पण शाळेतील तासिकेला प्रेक्षक नसतात. तेथे अमर प्रकार का खेळविला जाऊ नये, याला परंपरेचा तरी अडथळा नाही.

घरगुती खेळात वयाचे अंतर ही खरी अडचण असते. दहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा भाऊ, आई आणि आजोबा यांनी एकत्र खेळायचे कसे? मराठी मुलांनी यावर 'लिंबूटिंबू'ची तोड केव्हाच काढली आहे. लिंबूटिंबू गडी खेळात असतो, धावतो, शिवला जातो. पण त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्या मुलांना ही सवलत अपमानास्पद वाटते आणि म्हणून ती फार काळ कोणी मागत नाही, हाही तिचा गुणच म्हणावा लागेल. आजोबांसाठी लंगडीऐवजी चालण्याची मुभा किंवा जवळच एक जादा भोज्या, या त्याच तत्त्वावर बेतलेल्या तडजोडी होत.

स्त्रियांचे खेळ आणि त्यांचे बाहेर पडणे

सक्रियतेच्या आकडेवारीत मुली व स्त्रिया मागे असल्याचे वर दिसले. महाराष्ट्रात मात्र स्त्रियांच्या खेळांची स्वतंत्र व समृद्ध परंपरा आहे. श्रावणातील मंगळागौरीच्या जागरणात साध्या फुगडीपासून बसफुगडी, दंडफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा असे अनेक प्रकार खेळले जातात. शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले, तर बसफुगडीत मांड्यांच्या स्नायूंवर ताण येतो, झिम्म्यात हातापायांचा ताल साधावा लागतो आणि फुगडीत जोडीदाराच्या भारावर स्वतःचा तोल सावरावा लागतो. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात खेळांचे स्पर्धा, दैव, नक्कल व भोवळ असे चार वर्ग केले. त्यांतील भोवळीचे उदाहरण म्हणून फुगडी सहज शोभली असती. तिला मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही. दोघींच्या पसरलेल्या हातांएवढी जागा पुरते. जिला उभे राहणे झेपत नाही, ती गाणे म्हणून खेळाची लय राखते.

आश्विनातील भोंडला वा हादगा तुलनेने सौम्य आहे. फेर धरून फिरणे यापलीकडे त्यात श्रम नाहीत. पण तो नऊ किंवा सोळा दिवस चालतो, वेगवेगळ्या घरी होऊ शकतो, आणि खिरापत ओळखण्याचे कुतूहल दररोज नव्याने जागे होते. नावीन्य ओसरण्याची जी अडचण यंत्रांना भेडसावते, तिला येथे पंचांगानेच उत्तर दिले आहे. हा प्रघात वर्षातून एकदाच येतो, हे त्याचे उणेपण.

या परंपरेचे गौरवीकरण करताना एक गोष्ट झाकली जाऊ नये. फुगडीचा नियम कोणालाही बाद करीत नाही. ज्या विधीच्या आश्रयाने ती खेळली गेली, तो मात्र करीत होता. मंगळागौर ही नवविवाहितेची पूजा असून बोलावणे सवाष्णींना असे. विधवा स्त्री तिच्या वयाच्या विशीत असली, तरी त्या फेराबाहेरच राही, आणि तिच्यासाठी अमृत देणारा नियम नव्हता. अलीकडे मंगळागौरीचे खेळ रंगमंचावर आले आहेत. एकसारखी वस्त्रे ल्यालेले संच सराव करून ते सादर करतात व त्यांच्या स्पर्धाही होतात. विधीचे बंधन सैल झाल्यामुळे अनेक जणी प्रथमच खेळू लागल्या, ही यातील स्वागतार्ह बाजू. परंतु दहा-बारा जणी खेळतात व शंभर जणी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवितात, हेही तितकेच खरे आहे. खेळ टिकला, पण खेळणाऱ्यांची संख्या घटली, असे काही ठिकाणी म्हणावे लागते.

शाळा-महाविद्यालयांतील उपयोजन

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या अधिनियमाने शाळेला क्रीडांगण असावे, हा निकष घातला आहे. क्रीडांगणावर काय घडते, हे मात्र शिक्षकाच्या हाती राहते. अध्यापक विद्यालये व शारीरिक शिक्षण विभाग यांना येथे अल्पखर्चाचे संशोधन सहज करता येईल. एकच खेळ दोन निरनिराळ्या नियमांनी खेळवून, प्रत्येक मुलाचा उभा, बसलेला व धावणारा वेळ घड्याळ लावून नोंदवावा. त्यातही पहिल्यांदा बाद होणाऱ्या पाच मुलांची नोंद स्वतंत्र ठेवावी. सरासरीत नेमकी हीच मुले हरवतात.

महाविद्यालयाच्या क्रीडादिनी प्राध्यापक व कर्मचारी यांची कुटुंबे येतात, तेव्हा त्यांच्यासाठी बहुधा संगीत खुर्ची ठेवली जाते. पहिल्याच सुरावटीला बाद झालेल्या वयस्कर भगिनी मंडपात जाऊन बसतात व उरलेला खेळ पाहतात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ टेरी ऑर्लिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या सहकारी खेळांच्या पुस्तकात याच खेळाचे रूप पालटले आहे. त्यात प्रत्येक फेरीला खुर्ची कमी होते, माणूस नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी मिळून सामावायचे असते. खुर्च्या तेवढ्या मजबूत निवडाव्या लागतात, आणि शेवटच्या एका खुर्चीपाशी वीस-पंचवीस माणसे, काही बसलेली, काही एकमेकांना धरून उभी, तोल सावरीत हसत असतात.