दोन खेळांचा मानकरी

मुलांनो, ऑस्ट्रेलियात क्रिकेट हा उन्हाळ्यातील खेळ, तर फुटबॉल हा हिवाळ्यातील. मात्र मेलबर्न नगरीचा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. त्याचे मैदान लंबवर्तुळाकार असते. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो व तो हाती घेऊन धावण्यास मुभा असते. मैदानाच्या प्रत्येक टोकास चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारल्यास सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेल्यास एकच. हा खेळ क्रिकेटच्या मैदानावरही खेळता येतो. त्यामुळे ऋतू पालटला की बॅट ठेवून फुटबॉलकडे वळणारे खेळाडू तेथे पूर्वी पुष्कळ होते. कीथ मिलर हा त्यांतील एक अग्रगण्य खेळाडू होय.

मिलरचा जन्म २८ नोव्हेंबर १९१९ रोजी मेलबर्नजवळील सनशाइन येथे झाला. लहानपणी तो इतका ठेंगणा होता की, आपण शर्यतीच्या घोड्यावरील स्वार व्हावे, असे त्यास वाटे. पुढे मात्र तो झपाट्याने उंच झाला. शाळेत त्याचे गणिताचे शिक्षक होते बिल वुडफुल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाचे कप्तान! १९४० पासून तो सेंट किल्डा संघाकडून फुटबॉलही खेळू लागला. त्या संघासाठी तो पन्नास सामने खेळला.

इतक्यात महायुद्धाने त्यास इंग्लंडमध्ये नेले. तेथे तो लढाऊ वैमानिक झाला. १९४३ च्या मे महिन्यात एके दिवशी तो क्रिकेट खेळण्यासाठी परगावी गेला होता. त्याच दिवशी बोर्नमथ गावावर बाँबहल्ला झाला आणि तेथे राहिलेले त्याचे काही सोबती प्राणास मुकले. क्रिकेटमुळे मिलर वाचला; पण सोबत्यांचे दुःख त्याच्या मनात कायम राहिले.

युद्ध संपताच, १९४५ साली, ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांचा क्रिकेट संघ भारतात आला. मिलर त्या संघात होता. पुढे त्याने फुटबॉल सोडला आणि क्रिकेटमध्ये अपूर्व कीर्ती मिळविली. ५५ कसोटी सामन्यांत त्याने २,९५८ धावा काढल्या व १७० बळी घेतले.

खेळताना मनावर दडपण येते काय, असे विचारले असता तो म्हणे की, शत्रूचे विमान पाठीस लागणे हेच खरे दडपण! २००४ साली तो निवर्तला. जिंकण्यासाठी झटावे, परंतु हार म्हणजे सर्वनाश नव्हे, हे त्याच्या चरित्रावरून आपण शिकावे.